कांताबाईच्या मनगटाचं माप

परतवाड्याच्या एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही काय करता. मी सांगितलं, लोक काम करताना किती वाकतात आणि हात किती वर नेतात ते मोजते. त्यांनी घास तसाच हातात धरला आणि काळजीनं विचारलं, "हे सरकारी आहे का?"

सरकारी नाही. पुस्तकात याला अर्गोनॉमिक्स म्हणतात. अकोल्याच्या एमआयडीसीत मला 'वाकनं मोजनाऱ्या मॅडम' म्हणतात आणि ते नाव मला जास्त आवडतं. शिंपी माणसाच्या अंगाप्रमाणे कापड बेततो. कारखान्यात बरेचदा उलटं चालतं. टेबल, मशीन, पोतं, कामाचा वेग हे सगळं आधी ठरतं आणि मग माणसाला त्यात बसवतात. तो कुठे अवघडलाय, त्यातून त्याच्या शरीराचं पुढे काय होणार आणि ते कसं टाळता येईल, एवढंच मी सांगते.

मी मूळची वलगावची. वडील झेडपीच्या शाळेत मास्तर. संध्याकाळची बुद्धवंदना संपली की आम्हा भावंडांचे पाढे घ्यायचे. त्यामुळे असेल, मोजण्याची खोड लहानपणापासून लागली. शिकले फिजिओथेरपी आणि अमरावतीत छोटा दवाखाना टाकला. तिथे एक कापड दुकानातला सेल्समन यायचा. त्याची पाठ मी सोमवारी मोकळी करायची आणि पुढच्या सोमवारी तो तसाच आखडून परत यायचा. तिसऱ्या महिन्यात मी कंटाळून त्याच्या दुकानात गेले. तो गादीवर मांडी घालून बसला होता आणि डोक्याच्या वरच्या फळीतून साड्यांचे गठ्ठे काढून गिऱ्हाइकासमोर अंथरत होता. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, की पुन्हा पुढे झुकून साडी ओढायची, घडी घालायची, मागे वळून वर ठेवायची. मी दोन तास एका कोपऱ्यात बसून पाहिलं. त्याची पाठ माझ्या दवाखान्यात बरी होणार नव्हती हे तेव्हा कळलं.

शेठजींना मी सांगितलं की जास्त खपणाऱ्या साड्या कमरेच्या उंचीला आणा आणि पुढे एक ठेंगणं टेबल ठेवा. त्यांनी दोन्ही केलं. मग मला म्हणाले की मॅडम, आता आमच्या दुकानात बसून पाठ दुखत नाही असा एक बोर्ड तुमच्या सहीनं लावून टाकू, गिऱ्हाइकं वाढतील. त्या बोर्डाला नाही म्हणायला मला पाठ मोकळी करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तिथून मी या कामात शिरले. नोकरीचा क्रम, कुठलं प्रशिक्षण कधी घेतलं, हे सांगत बसत नाही. त्याऐवजी या धंद्यातलं सगळ्यात अवघड काय, ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं की मोजणं अवघड असेल. मोजणं कुणीही शिकेल. कशानं मोजायचं ते निवडणं अवघड.

पद्धती पुष्कळ आहेत. एकीत माणसाची मान, पाठ, गुडघे यांचे कोन पाहून गुण देतात. एक फक्त खांद्यापासून बोटांपर्यंत पाहते. वजन उचलण्यासाठी एक सूत्र आहे, ढकलण्या-ओढण्यासाठी स्प्रिंगचा काटा लावून जोर मोजता येतो, आणि एकच हालचाल दिवसभर करणाऱ्या हातासाठी वेगळी पद्धत आहे. शिवाय साधी प्रश्नावली आहे आणि माणसाच्या आकृतीवर दुखरी जागा दाखवायचा कागद आहे. प्रत्येकीला काहीतरी दिसतं आणि काहीतरी दिसत नाही. चुकीची निवडली तर आकडा येतोच. नीटनेटका, दशांश चिन्हासकट येतो. फक्त तो दुसऱ्याच कुठल्या दुखण्याचा असतो.

हे मी प्रशिक्षणांत अनेकदा सांगितलं होतं. तरीही अकोल्याला चुकले, आणि ज्या बाईच्या बाबतीत चुकले तिनंच मला पुन्हा शिकवलं. ती गोष्ट सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

चार-पाच वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका दालमिलचे मालक, विनूभाऊ, यांचा फोन आला. हमाल टिकत नाहीत, पाठी धरतात, येऊन पाहा. विनूभाऊ चाळिशीचे, इंजिनीअर, पायात खेळाचे बूट आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. बोलता बोलता ते घड्याळ बघायचे आणि आजची किती पावलं झाली ते सांगायचे. माणूस मोकळा, पण आकड्यांचा भारी नाद. मी पद्धतींबद्दल बोलायला लागले की हात वर करून थांबवायचे.

"मॅडम, ते सारं ठीक हाये. मले एक आकडा सांगा, बस."

मिलच्या शेवटच्या टोकाला डाळ वरून खाली यायची, कट्ट्यात, म्हणजे पोत्यात भरायची, काट्यावर वजन व्हायचं. मग हातात धरायच्या शिलाई मशीननं कट्ट्याचं तोंड शिवायचं आणि हमालांनी तो उचलून थप्पीला लावायचा. हमालांचे म्होरके गजाननभाऊ, उंचेपुरे, पन्नाशीला आलेले. पहिल्या दिवशी मी सवयीनं वजन उचलण्याचं सूत्र काढलं आणि टेप घेऊन त्यांच्या पायापासून हातापर्यंतचं अंतर मोजायला लागले. त्यांनी थोडा वेळ मोजू दिलं. मग शांतपणे म्हणाले की मॅडम, आम्ही हातानं उचलतोच कुठं, दोघं जण पाठीवर चढवून देतात आणि आम्ही चालतो. बरोबर होतं. ते सूत्र दोन हातांनी समोरून उचलणाऱ्यासाठी, पाठीवर कट्टा घेऊन चालणाऱ्यासाठी नाहीच. मी टेप गुंडाळला आणि पूर्ण शरीराची पद्धत घेतली, शिवाय चालायचं अंतर आणि दिवसातल्या खेपा मोजल्या. गजाननभाऊ माझ्यासोबत खेपा मोजत होते आणि माझी एक चुकली तेव्हा त्यांनीच दुरुस्त केली.

कट्टे शिवणाऱ्या दोन बायका होत्या, कांताबाई आणि रेखा. पलीकडे सात-आठ जणी डाळ निवडत बसायच्या. कांताबाई पंचेचाळीस-शेहेचाळीसच्या, ठेंगण्या, धुळीसाठी पदर डोक्यावरून घेऊन तोंडाभोवती गुंडाळलेला. त्यांची शिवण पट्टीनं आखल्यासारखी सरळ यायची. शेवटी दोऱ्याचं एक शेपूट त्या अशा बेतानं सोडायच्या की ते ओढलं की अख्खी शिवण एका झटक्यात सुटायची, सुरी लागायची नाही. गजाननभाऊ सांगायचे की कांताबाईचा कट्टा आम्ही डोळे मिटून ओळखतो.

बायकांसाठी मी काय केलं, ते आजही सांगायला जड जातं. तेव्हा मोबाइलवर एक नवं ॲप घेतलं होतं. फोन समोर धरला की ते चालत्या माणसावर रेघांचा सांगाडा काढायचं, कोन स्वतः मोजायचं आणि हिरवा, पिवळा, लाल असा रंग द्यायचं. हमालांच्या मोजमापात दोन दिवस गेले होते, अमरावतीची बस गाठायची होती. मी प्रत्येक बाईसमोर थोडा थोडा वेळ फोन धरला. कांताबाईंना हिरवा रंग आला. मी त्यांना विचारलं की काही दुखतं का. मालक शेजारीच उभे होते. त्या म्हणाल्या, नाही. मी लिहून घेतलं.

अहवाल गेला. विनूभाऊंनी तो मनावर घेतला, याचं श्रेय त्यांना आहेच. शिवलेला कट्टा थप्पीपर्यंत आणि तिथून ट्रकपर्यंत नेणारा सरकता पट्टा त्यांनी बसवला. हमालांचं पाठीवर वाहणं जवळपास संपलं. पट्टा सुरू झाला त्या दिवशी मला नारळ फोडायला बोलावलं. गजाननभाऊ पट्ट्याच्या बाजूनं हात मागे बांधून नुसते चालत होते आणि म्हणत होते की आयुष्यात पहिल्यांदा कट्ट्यासोबत फिरायला निघालोय. त्या दिवशी बसमध्ये मी स्वतःवर फार खूश होते.

चार महिन्यांनी, एका दुपारी, दवाखाना उघडला तर पायरीवर कांताबाई बसलेल्या. मी आधी ओळखलंच नाही, कारण तोंडावर पदर नव्हता. उजवा हात त्यांनी डाव्या हातात असा धरला होता, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा असावा. आत घेतलं, तपासलं. अंगठ्याच्या बाजूनं मनगट सुजलेलं, कोपरापर्यंत कळ, पहाटे बोटांना मुंग्या. भाकरी थापता येत नव्हती. लुगड्याच्या निऱ्या डाव्या हातानं घालत होत्या.

मी विचारलं की अकोल्यात इतके डॉक्टर असताना इतक्या लांब का आलात. त्यांनी सांगितलं की अकोल्यात दाखवलं असतं तर मिलमध्ये कळलं असतं. शिवण वाकडी यायला लागली होती. रस्त्यात दोन कट्टे उसवले म्हणून मालक चिडले होते आणि शिवायला बाहेरून दोन गडी आणायचं त्यांच्या मनात होतं. हात दुखतो हे कळलं तर उद्याच घरी बसवतील. नवरा मालवाहू ऑटो चालवतो, धाकटी मुलगी नर्सिंगला आहे. पण त्यांना सगळ्यात लागलं होतं ते वेगळंच. बारा वर्षांत आपली शिवण कुणी परत केली नव्हती, ती आता परत येतेय, हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला.

मी गोंधळून म्हटलं की मी आले होते तेव्हा तर तुम्हाला काही त्रास नव्हता.

त्यांनी दुखरा हात मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी फोनातून पाह्यलं. माह्याकडं नाई पाह्यलं."

आवाजात राग नव्हता. त्यांनी ते मला माहिती द्यावी तसं सांगितलं. मग पट्टा आल्यावर काय झालं तेही सांगितलं. पूर्वी शिवलेले कट्टे त्यांच्या शेजारीच साचायचे. हमाल खेप घालून येईपर्यंत कट्टा पुढे सरकायचा नाही आणि तेवढा वेळ त्या मशीन शेजारच्या थप्पीवर टेकवून हात सोडायच्या. पट्ट्यामुळे शेजारची ती थप्पी गेली. कट्टे सलग यायला लागले. पाच-सहा किलोचं मशीन सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत हातातच.

मी गजाननभाऊंच्या पाठीवरचं ओझं उतरवलं होतं आणि त्यातलं बरंचसं कांताबाईंच्या मनगटावर नेऊन ठेवलं होतं. ते मला कुणी सांगितलं नसतं तर मी त्या पट्ट्याचे फोटो अजूनही प्रशिक्षणात दाखवत असते.

हाताला पट्टी बांधली, व्यायाम दाखवले, विश्रांती सांगितली. जाताना त्यांनी मला बजावलं की मालकाला माझं नाव सांगायचं नाही. मी शब्द दिला. त्या गेल्यावर विनूभाऊंना फोन केला आणि म्हटलं की माझं काम अर्धवट राहिलंय, मागचा अहवाल पुरा नाही, पंधरा दिवस मिलमधली माणसं, कामं काही बदलू नका. ते म्हणाले की अहवाल तर फर्स्ट क्लास होता, त्यात काय राहिलं. मी म्हटलं, बायका राहिल्या. मग ते म्हणाले, या.

या वेळी पिशवीतून काही काढलं नाही. जेवणाच्या सुट्टीत निवडणाऱ्या आणि शिवणाऱ्या सगळ्या जणींमध्ये जाऊन बसले, डबा उघडला. मालकांना आधीच सांगून ऑफिसात बसवलं होतं. जेवण झाल्यावर प्रत्येकीला एक कागद दिला. त्यावर पुढून आणि मागून माणसाची आकृती. म्हटलं, नाव लिहायचं नाही, जिथे दुखतं तिथे खूण करायची आणि कागद घडी घालून या रिकाम्या डब्यात टाकायचा. पेन हातात घ्यायला कुणी तयार होईना. आपलं चित्र बिघडेल, अशी बहुतेक भीती. तेव्हा रेखानं कनवटीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि विचारलं की हे चालेल का.

चालेल म्हणजे काय, इतकं चांगलं साधन मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. पाकीट फिरलं. आधी दबक्या आवाजात, मग हसत हसत कुणाच्या कंबरेला, कुणाच्या मानेला टिकल्या लागल्या. एकीनं आकृतीच्या कपाळावरही लावली आणि सांगितलं की तिथे दुखत नाही, पण बाई बोडकी दिसत होती. डब्यातले कागद मी जमिनीवर ओळीनं मांडले. निवडणाऱ्यांच्या टिकल्या मानेला, कंबरेला आणि गुडघ्यांना. दोन कागदांवर मात्र उजवं मनगट, कोपर आणि खांदा टिकल्यांनी नुसते भरून गेले होते. शिवणाऱ्या दोघीच होत्या. कांताबाई त्या कागदांकडे बघत राहिल्या. मग रेखाकडे पाहिलं. रेखा त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, धडधाकट. तिनंही आजवर कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"तुयाही हात?" कांताबाईंनी विचारलं. रेखानं मान हलवली.

आता कशानं मोजायचं ते मला कळलं. पुढचा पूर्ण दिवस त्या दोघींच्या बाजूला स्टुलावर बसले. कट्टे मोजले, एका कट्ट्याला मनगट किती वेळा वळतं ते मोजलं, पकडीचा जोर विचारून लिहिला आणि मुख्य म्हणजे हात किती वेळ रिकामा राहतो ते घड्याळ लावून पाहिलं. एकच हालचाल करणाऱ्या हाताची ती पद्धत आहे. तिच्यात विश्रांती नसण्याचे वेगळे गुण असतात. मागे ॲपनं जे पाहिलं ते खोटं नव्हतं. कांताबाई सरळ उभ्या होत्या, पाठ सरळ, मान सरळ. उजवं कोपर मात्र पदराआड होतं, आणि हातातलं वजन आणि न मिळालेली विश्रांती रेघांच्या सांगाड्यात दिसतच नाही. या वेळी आलेला रंग लालच्याही पुढचा होता. पद्धतीत त्याला जांभळा दिलाय.

संध्याकाळी विनूभाऊ आले आणि सवयीप्रमाणे म्हणाले की सांगा आकडा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कांताबाई पुढे आल्या. मिलमध्ये कळू नये म्हणून त्यांनी मनगटावरची पट्टी सोडून ठेवली होती, आता त्यांनी ती सगळ्यांसमोर पुन्हा बांधली. मला त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. माझा शब्द त्यांनीच मोकळा केला होता.

"मालक, आकडा राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमी धरून पाहा."

विनूभाऊ हसले. बाह्या सरसावल्या. इंजिनीअर माणूस, मशीन हातात घेण्याची हौसच होती. पहिले चार-पाच कट्टे त्यांनी झोकात शिवले आणि रेखाकडे बघून भुवया उडवल्या. शिवण ओढ्यासारखी वळणं घेत होती, पण शिवण होती. दहाव्याला त्यांनी मशीन दोन्ही हातांत घेतलं. बाराव्याला मनगटावरचं घड्याळ वाजलं आणि व्यायाम चांगला चाललाय म्हणून त्याच्यावर शाबासकी उमटली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, गजाननभाऊ पट्ट्यापाशी पाठ फिरवून उभे राहिले. विनूभाऊंनी आणखी सात शिवले. मग पुढचा कट्टा यायला दोन क्षण होते, तेवढ्यात हात मोकळा करायला म्हणून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उजवीकडे पट्टा चालू होता, डावीकडे काटा, खाली धुळीची जमीन.

"हे ठेवू कुठं?" त्यांनी विचारलं.

ते मशीन धरून तसेच उभे राहिले. पुढचा कट्टा आला, निघून गेला, न शिवताच पट्ट्यावर चढला आणि डाळ सांडत ट्रकाकडे निघाला. गजाननभाऊंनी धावत जाऊन पट्टा बंद केला.

विनूभाऊंनी मशीन कांताबाईंच्या हातात दिलं नाही, हे मला फार आवडलं. त्यांनी ते स्वतः वाकून जमिनीवर ठेवलं, मनगट चोळलं आणि विचारलं की हे कधीपासून आहे. कांताबाईंनी सांगितलं. पट्टा आल्यापासून. तो पट्टा आमच्या दोघांचा होता.

उपाय अवघड नव्हता. मशीन वरून स्प्रिंगनं टांगायचं, म्हणजे हातानं फक्त दिशा द्यायची. विनूभाऊंनी धामणगाव रेल्वे या गावचा एक फिटर आणला. त्याचं आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या अवजड यंत्रांत गेलं होतं, त्यामुळे हलकी वस्तू त्याला माहीतच नव्हती. त्यानं लावलेली पहिली स्प्रिंग इतकी कडक होती की रेखानं हात सोडताच मशीन सुसाट वर गेलं आणि जाताना तिचा स्कार्फ घेऊन गेलं. तो काढायला शिडी लागली. फिटर खाली उभा राहून म्हणत होता की थोडं जास्त झालं. दुसरी स्प्रिंग ढिली निघाली. तिसरी बसली. मग कळलं की रेखाला योग्य असलेली उंची कांताबाईंच्या कपाळापाशी येते. गजाननभाऊंनी कुणाला न विचारता जुन्या फळ्यांचा एक ठेंगणा चौथरा ठोकून आणला, कांताबाई त्यावर चढल्या आणि ते सगळ्या बाजूंनी फिरून बघत म्हणाले, आता वैनी पाटलीण दिसून राह्यल्या.

शिवाय एक बदल कागदावर झाला. दर दोन तासांनी शिवणारी निवडायला बसेल आणि निवडणाऱ्यांपैकी एक शिवायला उभी राहील. म्हणजे मनगटांना आराम आणि बसून आखडलेल्या गुडघ्यांनाही. मला वाटलं होतं की निवडणाऱ्या कुरकुरतील. झालं उलटंच, शिवण शिकायला रांग लागली. हात बरा होईस्तोवर कांताबाईंनी मशीन धरायचं नाही असं मी बजावलं होतं. त्यामुळे त्या चौथऱ्यावर मागे उभ्या राहून बाकीच्यांना शिकवायच्या. दोऱ्याचं शेपूट किती सोडायचं हे त्यांनी सगळ्यांना दाखवलं. बाहेरचे दोन गडी आणायचा विषय परत कुणी काढला नाही.

सात-आठ आठवड्यांनी त्यांनी पुन्हा मशीन धरलं. त्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या बसनं अकोल्याला गेले. कांताबाईंनी टांगलेलं मशीन दोन बोटांनी खाली ओढलं, कट्ट्याच्या तोंडावरून नेलं आणि सोडलं. ते आपसूक वर जाऊन थांबलं. त्यांनी उजवा हात खाली सोडला, बोटं उघडली आणि मिटली. पुढचा कट्टा यायला वेळ होता. त्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग माझ्याकडे बघून हसल्या. शिवण सरळ होती.

यानंतरची गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. विनूभाऊंच्या ओळखीच्या दुसऱ्या एका मिलमालकानं मला बोलावलं. त्यांच्याकडेही तीच शिलाई, तीच वाकड्या शिवणीची तक्रार. मी विनूभाऊंना विचारलं की कांताबाईंना एक दिवस माझ्यासोबत पाठवाल का. त्यांनी स्वतःची गाडी दिली. मी अकोला स्टँडवरून मिलवर पोहोचले तेव्हा कांताबाई ठेवणीतली निळी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि ड्रायव्हरला कुठून वळायचं ते सांगत होत्या. मी मागे बसले.

त्या मिलमधली शिवणारी बाई, साधारण तिशीची. मी तिला विचारलं की काही त्रास होतो का. तिनं मालकांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली की नाही, काहीच नाही. मी त्या मालकांना काहीतरी निमित्त काढून ऑफिसात धाडलं. तरी ती नाहीच म्हणाली.

कांताबाईंनी मला जरा बाजूला सरकवलं. तिथल्या पोत्यांवर तिच्या शेजारी बसल्या, तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याखाली नेमक्या जागी दाबलं. बाईनं श्वास आत ओढला.

"माहा पन इथंच होता," कांताबाई म्हणाल्या. "भाकर जमते का वं थापाले?"

बाईचे डोळे भरले आणि ती बोलायला लागली. कधीपासून, कुठल्या बोटापासून, सकाळी कसं होतं, कुणाला सांगितलं नाही, का सांगितलं नाही. कांताबाई मध्ये मध्ये विचारत होत्या, एकही प्रश्न फुकट जात नव्हता. मी वही काढली, खाली बसले आणि दोघी बोलतील ते लिहून घ्यायला लागले.